संगणक-कक्षाची किल्ली

या स्मरणिकेसाठी ‘शाळा आणि तंत्रज्ञान’ या विषयावर आम्ही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम हसूच आले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. एम.ए.ची टिपणे शाईच्या पेनाने काढलेली आमची पिढी. या विषयावर लिहिण्याचा अधिकार शाळेतील तरुण विज्ञान-शिक्षकांचा, असे आम्ही कळविणारही होतो. पण लेखणी उचलण्यापूर्वी एक गोष्ट आठवली. आपल्या शाळेच्या संगणक-कक्षाची किल्ली पुष्कळ वर्षे आमच्याच खिशात होती आणि तो कक्ष बंद राहण्यात आमचा वाटा मोठा होता. ज्याने कुलूप लावले त्याने लिहावे, हेही एका अर्थी योग्यच.

जुन्या विद्यार्थ्यांना तो दिवस आठवत असेल. मुंबईत नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दहा संगणक पाठविले होते. बुद्धवंदना झाली, फीत कापली गेली, बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला गेला. दुसऱ्या दिवशी दहाही संगणक डेडस्टॉक रजिस्टरात नोंदविले गेले आणि नोंदीखाली आमची सही झाली. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना त्या सहीचे वजन ठाऊक आहे. वस्तू हरवली वा मोडली तर वसुली सही करणाऱ्याकडून. मग आम्ही संगणकांवर प्लास्टिकची आवरणे घातली, खिडक्या बंद केल्या, दाराला कुलूप लावले. तपासणीसाठी साहेब येणार असले की आदल्या दिवशी धूळ झटकली जाई. मुले दाराच्या फटीतून आत पाहत. काही वर्षांनी त्यांतले बरेच संगणक न वापरताच निकामी झाले आणि निर्लेखनाच्या प्रस्तावावरही आमचीच सही झाली. ज्यांवर एका मुलाने आपले नावसुद्धा टंकित केले नाही, अशी ती यंत्रे भंगारात गेली.

त्या वेळी आम्ही कारणे पुष्कळ सांगितली. भारनियमन आहे, मुले खोडकर आहेत, अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे. यांपैकी कोणतेही कारण खोटे नव्हते. पण खरे कारण निराळे होते. त्या यंत्रासमोर आम्ही बसलो असतो तर आम्हाला काही येत नाही, हे सातवीच्या मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळले असते. अक्षरबंदीचा इतिहास वर्षानुवर्षे शिकविणारा शिक्षक स्वतःची अब्रू राखण्यासाठी मुलांना यंत्रापासून दूर ठेवीत होता, आणि हे सारे दारावर लावलेल्या बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली चालले होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा, याविषयी एक मार्मिक अपेक्षा आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तोवर शेतकरी वर्गातून यावेत, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असे जोतीराव म्हणतात. हे निवेदन आम्ही वर्गात कितीदा तरी समजावून सांगितले आहे. वर्णव्यवस्थेने बुद्धी आणि हात यांची कशी फारकत केली, हेही सांगितले आहे. परंतु आपल्या काळातला वाकस म्हणजे की-बोर्ड आहे आणि तो हाती धरण्याची लाज आम्हालाच वाटते आहे, हे ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली.

आपल्या समाजाला साधनांचे महत्त्व कोणी शिकवायला नको. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ आले आणि स्वतःचा छापखानाही उभा राहिला. छपाईचे यंत्र दुसऱ्यांच्या हाती असेल तर आपले म्हणणे त्यांच्या मर्जीनेच छापले जाणार, हे त्यांनी पुरते ओळखले होते. छापखाना चालवायला तंत्र लागते, तसेच काय छापायचे आणि का, हे ठरविणारा माणूसही लागतो. शाळेतील तंत्रज्ञानाचे नेतृत्व या दुसऱ्या कामाशी अधिक निगडित आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी शिक्षकाने अभियंता होण्याची गरज नाही. मात्र यंत्राला हातच न लावता हे नेतृत्व करता येईल, असेही कोणी समजू नये.

केवळ यंत्र देऊन काय होते, याचा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या नावाची एक जागतिक योजना निघाली होती. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या छोट्या शाळेतही 2007 साली तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने तर ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबविली आणि 8 लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. 2012 साली तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती यंत्रे आली होती, पण गणित आणि भाषा या विषयांत त्यांची प्रगती इतर शाळांतील मुलांपेक्षा अधिक झाल्याचे आढळले नाही. वर्गातल्या अध्यापनात त्या यंत्राला जागा करून देईल असा शिक्षक तयार करणे, हे काम मागे राहिले होते. याउलट केरळने 2001-02च्या सुमारास शाळांतील संगणक-शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा शाळांतलेच शिक्षक निवडून त्यांना प्रशिक्षक केले. मल्याळम शिकविणारा शिक्षक मल्याळम शिकविणाऱ्याला शिकवी. पुढे तेथे सारा भर मुक्त सॉफ्टवेअरवर आला. कंपनीचा परवाना नको, प्रत करून वाटायला बंदी नको. गरिबांच्या शाळेला हे परवडते, आणि आमच्या मते तत्त्वालाही धरून आहे.

आपल्याकडेही प्रशिक्षणे झाली, नाही असे नाही. 2017 साली ‘दीक्षा’ हे शासकीय व्यासपीठ आले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, शिक्षकांसाठी ऑनलाइन पाठ आले. आम्ही ते पाठ कसे पूर्ण केले, हे येथे लिहिण्यास आता संकोच वाटत नाही. मोबाइल जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून चित्रफीत चालू करायची, ती संपली की पुढचे बटण दाबायचे, शेवटच्या चाचणीची उत्तरे शिक्षकांच्या समूहावर आलेली असत, ती भरायची. प्रमाणपत्र मिळे. अशी आमच्याकडे सहा-सात प्रमाणपत्रे आहेत.

मार्च 2020मध्ये शाळा बंद झाली, वसतिगृह रिकामे झाले आणि या प्रमाणपत्रांची किंमत उघडी पडली. आपली मुले बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर परतली. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18च्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागात केवळ 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. हे आकडे आम्ही नंतर वाचले. त्या वर्षी आम्ही ते डोळ्यांनी पाहत होतो. दहावीच्या वर्गाचा समूह केला, तेव्हा निम्म्याहून कमी मुले त्यावर आली. जी आली त्यांच्यापैकी काहींचा फोन वडिलांबरोबर दिवसभर कामावर जाई. रात्री नऊनंतर प्रश्न येत आणि आम्ही अंथरुणावर पडून उत्तरे लिहीत असू. दोन मुली त्या वर्षानंतर परत आल्या नाहीत. त्यांची लग्ने झाली होती. फोन असता तर ती लग्ने टळली असती, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. परंतु त्या दोन मुलींशी आमचा संपर्क तुटला होता आणि तो का तुटला, याचे उत्तर आम्हाला द्यावे लागते.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही ठरविले की आता शिकायचे. कोणाकडून? तर अकरावीतल्या एका विद्यार्थ्याकडून. रोज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर तो आम्हाला इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकन शिकवी. पहिल्या आठवड्यात आमची एक ओळ पुरी व्हायला दहा मिनिटे लागत. मुले मागे उभी राहून पाहत आणि अधूनमधून हसत. सुरुवातीला ते हसू फार टोचले. पण त्याच महिन्यात एक बदल दिसला. जी मुले वर्गात प्रश्न विचारायला बिचकत, ती विचारू लागली. सरांनाही चुकता येते, हे त्यांनी पाहिले होते.

त्यानंतरचा प्रसंग सहा डिसेंबरचा. महापरिनिर्वाण दिनी दर्शनी फलकावर बाबासाहेबांचा विचार लिहिण्याची प्रथा आहे आणि आमचे अक्षर बरे असल्यामुळे ते काम आमच्याकडे असते. त्या वर्षी मोबाइलवर आलेले एक वाक्य आवडले. बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली ते सुबक अक्षरांत होते. ते वाक्य येथे पुन्हा लिहून आम्ही त्याचे आयुष्य वाढवू इच्छित नाही. आम्ही ते रंगीत खडूने फलकावर उतरविले. परिपाठानंतर नववीतली एक मुलगी आली आणि तिने विचारले, “सर, हे बाबासाहेब कुठं म्हणालेत? मला भाषणात घ्यायचंय, खंड नंबर सांगायचाय.”

आम्हाला सांगता येईना. इतिहासाची पदवी घेताना साधनांची चिकित्सा हा आमचा पेपर होता. बखरीतले विधान ताम्रपटाशी ताडून पाहावे, लेखकाचा हेतू तपासावा, मूळ आणि नक्कल यांतला फरक ओळखावा, हे सारे आम्ही शिकलो होतो. पण मोबाइलच्या पडद्यावर आलेले वाक्य तपासावे, असे आमच्या मनातही आले नाही. त्या मुलीला घेऊन आम्ही ग्रंथालयात गेलो. महाराष्ट्र शासनाने 1979पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, संगणकावरील त्यांच्या प्रतींत शोध घेतला, सूची चाळल्या. आणखी चार मुले मदतीला आली. तीन दिवस शोध चालला. ते वाक्य सापडले नाही. चौथ्या दिवशी परिपाठात आम्ही सर्वांसमोर सांगितले की फलकावरील वाक्याला आम्हाला आधार मिळालेला नाही, म्हणून ते पुसत आहोत. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. वाक्य चांगलेच होते, मग बिघडले कुठे, असे ते म्हणाले. आमचे उत्तर असे, की ज्यांच्या नावाने आपण बोलतो त्यांच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग ते शब्द कितीही चांगले असोत. आज चांगले वाक्य घालू दिले तर उद्या विपरीत वाक्य घालणाऱ्याला अडविणार कसे?

तेव्हापासून संगणक-कक्षात एक जाड वही आहे. मुलांनीच तिला ‘उगम-वही’ असे नाव दिले. मोबाइलवर आलेले विधान, ते कोणाकडून आले, कोठे शोधले, सापडले की नाही, असे चार रकाने. वर्षभरात तिची साठ पाने भरली. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश मुलांना पाठ आहे. केवळ ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, असा त्याचा आशय. ‘सांगणारा आपला गुरू आहे म्हणून’ हा भाग आम्ही वहीच्या पहिल्या नोंदीशी जोडून समजावतो. ती नोंद आमच्याच फलकाची आहे.

अलीकडे एक नवे प्रकरण उद्भवले. चौदा एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत आठवीतल्या मुलाने अस्खलित भाषण केले. शब्द त्याच्या वयाचे नव्हते, आणि मध्येच बाबासाहेबांच्या अशा एका ग्रंथाचा उल्लेख आला, जो त्यांनी लिहिलेलाच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका कार्यक्रमाने ते भाषण लिहून दिले होते. परीक्षकांचा आग्रह होता की मुलाला शिक्षा व्हावी. आम्ही त्याला उगम-वही दिली आणि त्या भाषणातले प्रत्येक विधान शोधायला सांगितले. त्याला पंधरा दिवस लागले. त्याचे दुसरे भाषण पहिल्याइतके सफाईदार नव्हते, दोनदा अडखळलेही, पण प्रत्येक सनावळीचा आधार त्याला सांगता येत होता.

आता त्या कामाविषयी, जे आम्हाला या सर्वांत मोलाचे वाटते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर उपस्थित असलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्या वेळी जी पंधरा वर्षांची होती ती आज ऐंशी ओलांडून गेली. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर आपल्या वस्त्यांवर जे गुदरले, ते सोसलेली माणसे आहेत, पण त्यांच्याही स्मृती विरळ होत चालल्या आहेत. 14 जानेवारी 1994चा नामविस्तार पुस्तकांत नोंदला गेला. कोणाचे घर जळले, मुलाबाळांना घेऊन कोण कोणत्या शेतात रात्रभर लपले, हे सारे पुस्तकांत आलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांना आम्ही सांगितले, की मोबाइलवर आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. आधी परवानगी विचारा. सुरुवातीला नाव, गाव, दिनांक सांगा. मध्ये बोलू नका.

सुट्टीनंतर मुलांनी एकतीस ध्वनिफिती आणल्या. कित्येकांत कोंबडे आरवत होते, वाऱ्याने शब्द उडाले होते, एका फितीत तर आजोबा झोपी गेले. पण एका मुलीने आणलेल्या फितीत तिच्या आजीने 1978 सालच्या त्या दिवसांविषयी चाळीस मिनिटे सांगितले होते. घरातली भांडी कोणी विहिरीत टाकली, हे नावांनिशी. शेवटी आजी म्हणाली, “हे ठिवा, बाई. पर समद्या गावाला ऐकवू नका. त्येंची नातवंडं तुमच्यासंगं शिकत्यात.”

त्या वाक्याने आम्हाला जे शिकविले ते कोणत्याही प्रशिक्षणात नव्हते. फीत जतन केली आहे, दोन ठिकाणी, आणि ती कोणाला ऐकविलेली नाही. येथे लिहिलेल्या दोन वाक्यांसाठीही आजीकडे माणूस पाठवून परवानगी घेतली. त्यानंतर आम्ही शाळेच्या समूहावरील छायाचित्रेही तपासली. गणवेश स्वीकारणारा मुलगा, सायकल घेणारी मुलगी, शेजारी हसतमुख दाते. आमच्यापैकी कोणीही त्या मुलांना विचारले नव्हते. 2023च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. पण कायदा नसता तरी ही गोष्ट आम्हाला कळायला हवी होती. दानशूर माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की यापुढे मदतीचे छायाचित्र मागू नये. पावती अवश्य मागावी.

शनिवारी दुपारी कक्ष पालकांसाठी उघडा असतो. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, आधार आणि बँक खात्याची जोडणी, या कामांसाठी लोक तालुक्याला जातात, दिवसाची मजुरी बुडवितात आणि अर्ज भरून देणाऱ्याला पैसे मोजतात. आता अकरावी-बारावीची मुले ते अर्ज भरून देतात आणि पालकाने प्रत्येक रकाना वाचून घेतल्यावाचून पुढचे बटण दाबीत नाहीत. आम्ही लहान असताना वस्तीतल्या बायका मुंबईच्या गिरणीतून आलेली पत्रे आमच्याकडून वाचून घेत, उत्तरे लिहवून घेत. त्याची आठवण होते.

माजी विद्यार्थी संघाने यंदा शाळेला दोन मोठे डिजिटल फळे भेट द्यावयाचे ठरविले आहे, असे कळते. भावना मोठी आहे आणि आम्ही कृतघ्न नाही. तरीही मत स्पष्ट मांडणे आमचे कर्तव्य आहे. ते फळे आज आले तर पहिल्या वर्षी त्यांवर चित्रफिती लागतील आणि मुले हात बांधून पाहतील. पूर्वी शिक्षक बोले आणि मुले ऐकत. आता फळा बोलेल. त्याच रकमेत जुने पण दुरुस्त केलेले पंधरा संगणक, एक चांगला इन्व्हर्टर आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडा राखीव निधी होऊ शकतो. मोडलेली वस्तू दुरुस्त होईल, एवढी खात्री असली की शिक्षक मुलांच्या हाती वस्तू देतो. डेडस्टॉक रजिस्टराची भीती आम्ही भोगली आहे, म्हणून हे सांगतो. संस्थेनेही ठराव करावा, की विद्यार्थ्यांच्या वापरात मोडलेल्या साहित्याची वसुली शिक्षकाकडून होणार नाही. आणि जे माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत आहेत त्यांनी धनादेशासोबत वर्षातले चार दिवस द्यावेत. मुलांना नव्हे, शिक्षकांना शिकवावे. आमच्यातले तिघे-चौघे अजून त्या खोलीत पाऊल ठेवीत नाहीत. त्यांना हसू नये. पाच वर्षांपूर्वी आम्हीही त्यांच्यातच होतो.

किल्ली आता आमच्याकडे नाही. ती नववी-दहावीच्या मुलींच्या समितीकडे असते आणि दर महिन्याला हात बदलते. मुलींकडेच का, असे मुलांनी विचारले. त्याचे कारण असे, की दोन वर्षे आम्ही नोंद ठेवली, तेव्हा यंत्रासमोर मुलगा बसलेला आणि मुलगी मागे उभी, असेच बहुतेक वेळा आढळले. गेल्या महिन्यात एक माउस आणि एक कळफलक मोडला. त्याची नोंद समितीने स्वतः केली, खाली दोन सह्या आहेत. स्मरणिकेच्या प्रकाशनासाठी येणाऱ्यांनी कक्षात अवश्य यावे. घरी जुनी हस्तपत्रके, सभांची निमंत्रणे, दीक्षेच्या वेळची कागदपत्रे असतील तर सोबत आणावीत. मुली त्यांची प्रत काढून घेतील आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करतील. कागद कोठून आला, हे मात्र त्या विचारतील.